मापाची वाटी

आत्याबाई, परवा नातवासाठी मुलगी बघायला आम्ही गारखेड्याला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीचं शिक्षण विचारून झालं, आणि सगळे उठायच्या बेतात असताना मी तिला विचारलं, "झोप कशी गं तुझी? गाढ का सावध?" मुलगी हसून म्हणाली, "आजी, मला उठवायला दोन माणसं लागतात." सगळेच हसले. परत येताना रिक्षात माझी सून म्हणाली, "आई, असं काय विचारलंत तिला?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिला काय सांगणार? तो प्रश्न माझा नव्हताच, तुमचा होता. साठ वर्षांपूर्वी आमच्या गावी ओसरीत बसून तुम्ही मला हेच विचारलं होतं, याच शब्दांत. मी "गाढ" म्हणाले तेव्हा तुमच्या कपाळावरची आठी गेली आणि तुम्ही लगेच होकार दिलात. मला वाटलं, सासू मायेची दिसते, सुनेच्या झोपेची काळजी करते. नातवाच्या तोंडाला सुपारीसुद्धा लागलेली नाही. तरी तो यायला उशीर झाला की मी खिडकीतून त्याची चाल बघते, पाऊल सरळ पडतंय का ते. ही खोड मला तुमच्या घरात लागली.

मी तुमच्याकडं आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. गुलमंडीच्या मागच्या बोळातलं ते भाड्याचं घर. पुढची खोली, स्वयंपाकघर, आणि त्याला लागून धान्याची अंधारी कोठी. कोठीला कुलूप, किल्ली तुमच्या कनवटीला. तुमचा मुलगा अदालतीत नकलनवीस होता, निकालांच्या उर्दू नकला उतरवून द्यायचं काम. माझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं ते त्यांच्या अक्षरावरून. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांना उर्दूतलं एक अक्षर येत नव्हतं, पण तुम्ही दाखवायला आणलेला कागद त्यांनी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघितला आणि आईला म्हणाले, "ज्याचा हात इतका ठाम, तो माणूसबी ठामच असंल."

पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. सकाळी आंघोळ झाली की हे तुमच्या मागोमाग कोठीत जायचे. दार आतून लोटलं जायचं. मी चुलीपाशी बसून मनात आकडे मोजायचे, शंभराच्या आत दोघं बाहेर. आत जाण्याआधी यांना शेरवानीचं एक बटण लावता यायचं नाही, बोटं नुसती काजावरून घसरायची. बाहेर आले की थोड्याच वेळात गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं स्वतःच्या हातानं लावून अदालतीत निघायचे. मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "औषध हाय. त्याला लहानपणापास्नं थरथरीचं दुखणं हाय."

"कसलं औषध?"

"हकीमसाहेबांनी सांगितलेलं. तुला काय करायचंय?"

माझी मावशी मला निघताना म्हणाली होती की शहरातल्या सासवा मुलाला काहीबाही चारून मुठीत ठेवतात. मला ते पटायला लागलं. संध्याकाळी हे शिंदीच्या दुकानावरून पिऊन येत, हे मला आठ दिवसांत कळलं होतं. ओरडायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि तुम्ही घास भरवायचात. "दमलाय," म्हणायचात. कोठीच्या दाराला पाठ लावून तुम्ही झोपायचात आणि मला सांगायचात की तिथं वारा लागतो. त्या बोळात वारा कुठून येणार? मग मला माझ्या झोपेची चौकशी आठवली. यांनी कितीदा उठून कोठीचं दार धुंडाळलं असेल, तुम्ही कितीदा त्यांना परत निजवलं असेल, आणि ते बघायला जागं कोणी नको म्हणून तुम्ही गाढ झोपेची सून शोधत हिंडलात. त्या दिवसापासून मी गाढ झोपले नाही.

आणि ती बांगडीवाली. दर आठ दिवसांनी दुपारी यायची, डोक्यावर टोपली, अंगावर धुवट बुरखा. तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसायच्या आणि मला पाणी आणायला पाठवायच्या. माझ्या हातात तर लग्नातलाच चुडा होता. तुम्ही विधवा, तुमचे हात कधीचे मोकळे. मग या घरात दर आठवड्याला बांगड्या कोणासाठी येत होत्या? एकदा मी घागर न भरताच परतले आणि दाराआडून बघितलं. टोपलीतल्या फडक्याखालून तिनं एक बाटली काढली आणि तुम्ही ती पदराआड धरून कोठीत नेलीत. ती निघाली तेव्हा मी तिला बोळात गाठलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बेटी, ये तेरी सास का काम है. तेरेकू क्या करनेका?" पण बाटलीला बूच नीट नव्हतं आणि फडक्याला वास लागला होता. आमच्या गावाबाहेर मोहाची भट्टी होती, तो वास मला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे हे औषध. सख्खी आई रोज सकाळी मुलाला आपल्या हातानं दारू पाजत होती.

तुम्हाला वाटलं असेल, ही पोर लगेच भांडेल. मी महिनाभर काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. मला तुमच्या हेतूचा पत्ता लावायचा होता. शेवटी माझ्यापुरता तो मी लावला. मुलगा शुद्धीत राहिला तर बायकोचा होईल. त्यानं कायम आपल्या ओंजळीनं पाणी प्यावं म्हणून हे चाललंय. एकदा हे अदालतीत गेल्यावर मी ज्वारी निवडता निवडता म्हणाले, "आत्याबाई, कोठीत काय पाजता ते मला माहीत आहे."

तुम्ही सुपातून हात काढला नाहीत. "कवापास्नं?"

"महिना झाला."

"मग गप का बसलीस महिनाभर? पाळत ठिवलीस व्हय माझ्यावर? तू त्याची बायको हायस का फौजदार?"

"तुम्ही त्यांना मारताय."

"मी मापानं देते. मी नाय दिलं तर तो सकाळीच दुकानावर जाईल आन् बिनमापाची घिईल. हकीमसाहेबांनी सांगितलंय, एकदम तोडू नका म्हून. तुला नाय कळायचं ते."

मी मनात हसले. हकीमसाहेब म्हणजे पाच वेळा नमाज पढणारा म्हातारा. तो दारू पाजायला सांगेल? खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलायचं. तुमचं ते एक वाक्य खोटं ठरवलं आणि पुढचं सगळंच मला खोटं वाटायला लागलं.

मग तुमच्या बहिणीचं दुखणं आलं. दौलताबादहून निरोप आला की ती अंथरुणावर आहे, येऊन जा. तुम्ही दोन दिवस घालमेल केलीत. निघताना कनवटीची किल्ली सोडून माझ्या तळहातावर ठेवलीत आणि माझी मूठ तुमच्या दोन्ही हातांनी मिटलीत. तुम्ही मला तसा स्पर्श त्याआधी केला नव्हता. "सकाळी एक वाटी. त्याच वाटीनं. कमी नाय, जास्त नाय. चार दिवसांचा परश्न हाय. देशील ना पोरी?" मी म्हणाले, "देईन." टांगा बोळातून वळला आणि मी सरळ कोठीत गेले. कोनाड्यात बाटली होती, शेजारी पितळेची छोटी वाटी पालथी घातलेली. बाटली उचलली आणि मोरीत पालथी केली. तुम्हाला मी पुढं सांगितलं की हातातून सांडली. सांडली नव्हती, आत्याबाई. मी ओतली, आणि वरून तीन तांबे पाणी टाकलं.

यांना मी लगेच सांगितलं. हे दारात उभे होते, शेरवानीची बटणं उघडी. मोरीकडं बघून म्हणाले, "बरं केलंस. आई असती तर झालं नसतं." मला तेव्हा इतका अभिमान वाटला. मीच त्यांची बटणं लावून दिली. संध्याकाळी ते दुकानावर न जाता घरी आले. घामानं सदरा भिजलेला, पण माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, एवढंच तर होतं. आईनं जे मुद्दाम लांबवत नेलं ते मी एका दिवसात केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अदालतीतला शिपाई त्यांना टांग्यातून घेऊन आला. नकलेचा कागद हातात चुरगळलेला होता आणि त्यावर अक्षरं नव्हती, नुसते ठिपके. अन्नाचा घास पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मला "आई" म्हणून हाक मारली, मग मला ओळखेनात. दुपारी ते ताठ झाले आणि जमिनीवर पडले. दात जिभेत रुतले, तोंडातून रक्त आणि फेस. माझी किंकाळी ऐकून शेजारचा शिंपी आला आणि तोच धावत जाऊन शहागंजातून हकीमसाहेबांना घेऊन आला.

हकीमसाहेब उंबऱ्यात टेकले, नाडी धरली, आणि डोळे न उघडता मला विचारलं, "आज प्याली दी क्या?"

मी मानेनंच नाही म्हटलं. तुम्ही खरं सांगितलं होतं.

"कितने दिन से नहीं दी?"

"तीन," मी म्हणाले.

"तुम्हारी सास को समझाया था मैंने. एकदम नक्को तोडो, जान जाती. इस चीज का नाम लेने को भी मुझे शर्म आती बेटी, पर क्या करना. जाओ, लेके आओ."

मी डोक्यावरचा पदर सावरत भर उन्हात बांगडीवालीच्या घरी पळत गेले. तिनं काही विचारलं नाही. माझा चेहरा बघून आत गेली आणि बाटली घेऊन आली. हातात देताना म्हणाली, "मेरा आदमी ऐसेच गया. तीसरे दिन." मला तोवर वाटायचं ती नफ्यासाठी येते.

घरी येऊन मी कोठीतली ती वाटी घेतली. सुलटी केली तर आत तिच्या बुडाला पांढरट थर बसलेला, अर्ध्या बोटाएवढा. नखानं दाबलं तर मेण. जादूटोण्याचंच काहीतरी, असं माझ्या मनात आलं. हकीमसाहेब समोर बसलेले, तरी आलं. मी विळीच्या टोकानं ते सगळं मेण खरवडून काढलं, वाटी राखेनं घासली आणि त्या वाटीनं त्यांना थोडं थोडं पाजलं. संध्याकाळपर्यंत थरथर उतरली. पुढचे दोन दिवस मी रोज सकाळी वाटी भरून दिली, काठोकाठ.

तुम्ही परत आलात. मुलाची सुजलेली जीभ बघितलीत, नवी बाटली बघितलीत. मी सांगितलं, "पहिली हातातून सांडली." तुम्ही मोरीकडं एकदा बघितलंत आणि म्हणालात, "सांडली व्हय." मग वाटी हातात घेतलीत. आत बोट फिरवलंत.

"वाटी घासलीस?"

"हो. बुडाला काहीतरी लागलं होतं."

तुम्ही ती वाटी मांडीवर घेऊन बसलात, चूल विझेपर्यंत. मग उठून माझ्याकडून किल्ली घेतलीत.

ते मेण काय होतं ते मला पुढं तीनेक महिन्यांनी कळलं. कोठीच्या दाराच्या फटीतून मी बघत होते, ती सवय गेली नव्हती. तुम्ही मेणबत्ती पेटवून वाटीच्या बुडाशी थेंब टाकत होतात. तीन थेंब. फुंकर मारून ते निवू दिलेत आणि वाटी पालथी घालून ठेवलीत. दर पंधरा दिवसांनी तीन थेंब. मुलाच्या डोळ्यांना वाटी भरलेलीच दिसायची आणि पोटात रोज किंचित कमी जायचं. अर्धं बोट मेण म्हणजे तुमचं दीड वर्ष. ते मी विळीनं मोरीत खरवडून टाकलं होतं, आणि तुम्ही पहिल्या थेंबापासून पुन्हा सुरू केलं होतं.

मी तेव्हा आत येऊन तुमचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं माहीत आहे? मी जास्त सावध झाले. ही बाई हे कोणाला सांगत का नाही, याचा विचार करायला लागले. तुम्ही माझ्या वडिलांना कळवलं नाहीत, शिंप्याच्या बायकोला सांगितलं नाहीत, मुलालाही नाही. हे म्हणायचे की त्यांना ते तीन दिवस आठवतच नाहीत; त्यावरही माझा विश्वास नव्हता. मला वाटायचं, तुम्ही ते राखून ठेवलंय. मी कधी उलट बोलले, की चार माणसांत बाहेर काढाल. घरी पाहुणे आले आणि तुम्ही "आमची सून" म्हणून वाक्य सुरू केलंत की मी दाराशी थांबायचे, पुढं काय म्हणता ते ऐकायला. तुम्ही म्हणायचात, "आमची सून भाकरी लई पातळ करती." दहा वर्षं मी वाट बघितली. तुम्ही भाकरीच्या पुढं गेला नाहीत.

तुम्हीही माझ्यावर नजर ठेवून होतात, हे खोटं नाही. मी यांना ताक दिलं तरी तुम्ही पेला उचलून बघायचात. एका चुलीवर दोघी जेवण करायचो आणि एकमेकींच्या हाताकडं बघायचो. आमचा मुलगा झाला त्या वर्षी मेण अर्ध्या वाटीपर्यंत आलं होतं, यांनी संध्याकाळचं दुकान सोडलं होतं. चार महिने ते सरळ घरी येत आणि बाळाला मांडीवर घेऊन बसत. मग एका लग्नाच्या पंगतीतून पडत-झडत आले. तुम्ही दुसऱ्या दिवशी वाटी गरम पाण्यात धरलीत, मेण वितळवून काढलंत, आणि पुन्हा पहिल्या थेंबापासून. असं किती वेळा झालं? मी चार मोजले. निजामाचं राज्य गेलं, अदालतीतलं उर्दूचं काम आटलं, यांचं ते अक्षर कोणाच्या कामाचं राहिलं नाही आणि एक दिवस ते घरीच बसले. मी मुलींच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले. तुम्ही एका शब्दानं अडवलं नाहीत, उलट सकाळी माझा डबा भरून ठेवायचात. मी शाळेत डबा उघडला की पहिला घास जिभेवर ठेवून थांबायचे. इतका संशय होता मला. भेंड्याची भाजी असायची, मला आवडते म्हणून.

तुमच्यानंतर ती वाटी माझ्याकडं आली. मी नऊ वर्षं दिली, मापानं, पंधरा दिवसांना तीन थेंब. हे गेले तेव्हा थंडीचे दिवस होते आणि ते अंगणात खुर्चीवर उन्हाला बसले होते. वाटीत जेमतेम चमचाभर जागा उरली होती. मला लोक म्हणाले, तुम्ही नवऱ्याचं खूप केलंत. मी त्यांना म्हणायला हवं होतं की हे माझं नाही, मी नुसतं पुढं चालवलं. म्हणाले नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, सुनेच्या हाती लागायच्या आत मीच ते चुलीत घालेन. म्हणून एक राहिलेलं लिहिते. तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं होतं. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी वाकले, अगदी तुमच्या तोंडाशी, आणि बराच वेळ तशीच राहिले. बायका म्हणाल्या, सासूच्या कानात देवाचं नाव घेतेय, पुण्याची आहे. मी नाव घेत नव्हते. इतकी वर्षं कोठीत एकटी बाटलीपाशी बसणारी बाई स्वतःही थोडी घेत असेल, असा मला कायम संशय होता, आणि मी शेवटची संधी साधून वास घेत होते. काही नव्हतं. तापाचा वास होता, तुळशीच्या पाण्याचा होता. तुम्ही काहीतरी म्हणत होतात, आत्याबाई, आणि ते मी ऐकलंच नाही. आणि खरं सांगायचं तर वास आला नाही म्हणून मला बरं वाटलं नाही. मला थोडं वाईट वाटलं.